खाडाखोड केली म्हणून कविता खोटी होत नाही

"खरा कवी खाडाखोड करत नाही. इंग्रज कवी वर्ड्सवर्थ एकटाच फिरायला गेला, डॅफोडिल्सची फुलं दिसली आणि तिथेच कविता लिहून झाली. निसर्गापुढे बसा, कविता आपोआप येते." हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. परवा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिनं पारिजातकावरच्या कवितेचं पान वहीतून टरकावलं. का, तर एका ओळीवर तीनदा काट मारली होती! "मावशी, माझ्यात ते नाहीच," म्हणाली.

एकटा? साफ खोटं. 15 एप्रिल 1802 ला इंग्लंडमधल्या अल्सवॉटर तलावाकाठी वर्ड्सवर्थबरोबर बहीण डोरोथी होती. तिची रोजनिशी छापलेली आहे, उघडून बघा. वारा भन्नाट सुटला होता. काही फुलं दमून, उशीवर टेकावं तशी दगडांवर माना टेकून होती, बाकीची झोकांड्या खात नाचत होती, असं तिनं लिहून ठेवलंय. ते नाचणं भावाच्या कवितेत आलं, बहीण मात्र आली नाही.

आणि "तिथेच"? कविता झाली साधारण दोन वर्षांनी, छापली 1807 मध्ये. पुढे 1815 मध्ये त्यानं पहिल्या कडव्यातलं 'नाचरी' काढून 'सोनेरी' घातलं, ताऱ्यांचं आख्खं कडवं नव्यानं लिहिलं. त्यातल्या सर्वांत सरस दोन ओळी तर बायकोच्या, मेरीच्या. हे त्यानं स्वतः सांगितलंय.

"कविता म्हणजे प्रबळ भावनांचा उत्स्फूर्त उमाळा" हे त्याचंच वाक्य, 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या 1800 च्या प्रस्तावनेतलं. कबूल. पण लगेच पुढे तो म्हणतो की, मोलाच्या कविता दीर्घ आणि खोल विचार केलेल्या माणसाकडूनच होतात. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

वर्ड्सवर्थचा कवीमित्र कोलरिज, त्याला 'कुब्ला खान' ही कविता झोपेत सुचली, हेही मजकुरात आहे. तसं तो स्वतः सांगतो, ठीक. पण तो तिला अपुरा तुकडाच म्हणतो. आणि 1798 च्या 'एन्शंट मरिनर' या दीर्घ कवितेत तो बदल करत राहिला, 1817 मध्ये समासात टिपा जोडल्या.

"ही मंडळी जगापासून पळाली" म्हणे. त्याच काळातला कवी कीट्स तर लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रुग्णांच्या जखमा बांधत होता.

भाचीचं पान मी चिकटपट्टीनं जोडलंय. पहिली ओळ होती, "पारिजातक किती सुंदर दिसतो". तीन काटांनंतरची, "देठांचं केशर ओल्या फरशीला लागलंय".