म्हणे, गिनी खुडूकच होत नाही!

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कोंबडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: गिनी फाउल या ठिपकेदार, कोंबडीसारख्या आफ्रिकी पक्ष्याची मादी कधी खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, चुकून बसलीच तर अर्ध्यात उठते, आपल्याकडच्या उन्हात तिची अंडी नासतात, आणि पिल्लं निघालीच तर ती त्यांना मारते, म्हणून अंडी उबवायचं मशीन घ्या. खाली मशीन विकणाऱ्याचा नंबर. नंबर दिला म्हणून बाकीचं खोटं ठरत नाही, तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

खुडूक होत नाही ती नवापूरकडच्या शेडमधली लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेली कोंबडी. खुडूक कोंबडी अंडं देणं बंद करते, ते शेडवाल्याला परवडत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातला तो गुण काढून टाकलाय. गिनीवर असली छाटणी फारशी झालेलीच नाही. ती अजून निम्मी रानातलीच. तिला बसायला दोन गोष्टी लागतात: आडोसा आणि अंड्यांचा ढीग. पंचवीस-तीस अंडी साठली की ती बसते. आपण तिला खुराड्यात कोंडतो, रोज संध्याकाळी अंडं उचलतो आणि मग म्हणतो, ही बसतच नाही. बसणार कशावर?

मोकळी फिरू द्या, मग बघा. पऱ्हाट्यांच्या ढिगाच्या पोटात, केळीच्या वाळल्या पानांत, बांधावरच्या घाणेरीत ती जागा धरते. सापडत नसेल तर मादी शोधू नका, नर शोधा. बाकीचा थवा चरत असताना तो एकटाच कुठल्यातरी झुडपापाशी घुटमळत उभा असतो. जवळ गेलात की ठिपक्यांचा एक दगड पानांत पडल्यासारखा दिसतो. हात पुढे केला की तो दगड पिसं फुलवून फिसकारतो. अशी मादी रात्री घरी येत नाही, आणि बरेच जण ‘मुंगसानं नेली’ म्हणून तिचा विषय संपवतात. थव्यातली दोन तुकड्यांची हाक कमी झालीय का, ते कानावर घ्या. ती हाक मादीचीच, नर एकसुरी ओरडतो.

अर्ध्यात उठते, हा दुसरा आरोप. इथे हिशेबच चुकतो. गावठी कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, गिनीला २६ ते २८ दिवस लागतात. बाविसाव्या दिवशी अंडी ‘गेली’ समजून फेकणारे महाभाग थोडे नाहीत. उजेडावर धरून बघावं तर कवच जाड आणि तपकिरी, आतलं धड दिसत नाही. शिवाय एका घरट्यात दोन-तीन माद्या अंडी घालतात. एक बसलेली असताना दुसरी भर घालत राहते. पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन चालू लागते, मागून घातलेली अंडी तशीच राहतात. लोक म्हणतात, टाकून गेली. गेली खरी, पण काम उरकून. हां, घरट्यात रोज हात घालणाऱ्याची मादी मधेच उठते. तो दोष तिच्या माथी मारता येत नाही.

उन्हाच्या मुद्द्यात तथ्य आहे, कारण मात्र वेगळं. अंड्याला उबायला साडेसदतीस अंशांच्या आसपास लागतं, आणि आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या आजूबाजूला. बसलेली मादी अंडी झाकते. खरा घोळ ती बसण्याआधीचा. ढीग व्हायला आठवडे जातात. तेवढ्या काळात उघड्यावरची अंडी हवेच्याच उष्णतेनं आत अर्धवट वाढू लागतात आणि मरतात. आफ्रिकेत हा पक्षी पावसाच्या तोंडाशी आणि पावसात अंडी घालतो, त्याचं गणित तिथलं. म्हणून एप्रिल-मेच्या घरट्यावर भरवसा ठेवू नका, ती अंडी उचलून खा. पाऊस पडून हवा निवळल्यावरचं घरटं तिच्यावर सोडा.

राहिलं पिल्लं मारण्याचं. ती चोच मारून मारत नाही, चालवून मारते. सकाळी दव असताना गवतातून निघते, पिल्लं भिजतात, गारठतात, मागे पडतात, आणि ती वळून बघत नाही. मोकळी सोडली तर दोन-तीन दिवसांत थवा निम्म्यावर येतो. रानात, कोरड्या जमिनीवर, नरही पिल्लं सांभाळू लागतो. आपल्या जुलैतल्या हिरव्या बांधावर ते पुरत नाही. त्यामुळे उबवणं तिच्यावर सोडलं तरी पिल्लं निघताच आईसकट सगळी कोरड्या खोलीत घ्या, पहिले दोन-तीन आठवडे बाहेर काढू नका. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर त्यातच बुडतात. खाद्यात प्रथिनं २४ टक्क्यांच्या वर हवीत, नुसत्या तांदळाच्या कण्यांवर ती तगत नाहीत.

आणि मशीन? शेकड्यानं पिल्लं काढायची असतील तर घ्या की. घरच्यापुरती हवी असतील तर नुकती खुडूक झालेली गावठी कोंबडी पुरते. आठवडाभर आधीपासून बसलेली मात्र घेऊ नका, तिचा धीर २८ दिवसांआधीच सुटतो.