२२ ग्रॅम

सकाळी सव्वासातला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. टेकडीवर दोन पोरं कान धरून उठाबशा काढतायत. अठरा-एकोणीसची असतील. एकाचा टी-शर्ट खांद्यावर फाटलेला, आणि मोबाइल मुद्दाम त्याच्या तोंडाजवळ नेलेला. मागून कुणीतरी दरडावतंय, "चौतीस, पस्तीस, मोठ्यानं मोज रे." शेजारी दगडावर गांजाची पुडी मांडून ठेवलीय. खाली आमच्या सुज्ञ रहिवाशांच्या टाळ्या. सतरा जणांच्या, मोजल्या मी. "भर चौकात फोडला पाहिजे." "आईबाप काय झोपा काढतात का?" आणि एकांनी लिहिलं, "गांजा कायदेशीर करा म्हणणाऱ्यांना आधी उलटं टांगा."

हे शेवटचे गृहस्थ दर शुक्रवारी टेरेसवर 'बसतात'. शनिवारी सकाळी रिकाम्या बाटल्या आणि चखण्याच्या पुड्या उचलायला आमच्या झाडणाऱ्या मावशी वर जातात.

ग्रुपवर तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा पुसलं. नवरा म्हणाला, रोज लिफ्टमध्ये भेटतात, जाऊ दे. म्हणून इथे लिहितेय. इथे माझी माणसं आहेत, पोरांना असं नाचवून त्याचा तमाशा करू नये हे तुम्हाला पटवत बसायची गरज नाही. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

२००६ साल. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा. गाव माणदेशातलं, तालुक्याच्या एसटी स्टँडच्या मागे तीन पोरं पकडली, त्यात हा. खिशात पुडी, वर्तमानपत्राच्या पुरवणीत गुंडाळलेली. पंचनामा मी नंतर इतक्यांदा वाचलाय की तोंडपाठ आहे. 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, काड्या, बोंडे व बिया मिश्रित सुका पाला, वजन कागदासह २२ ग्रॅम.' कागदासह! पंच म्हणून स्टँडवरचा चहावाला. तो दर महिन्याला कशाचा ना कशाचा पंच असायचा.

त्या रात्री आई आणि मी पोलीस स्टेशनच्या बाहेर बाकावर बसलो होतो. डब्यात चपाती आणि वांग्याची भाजी होती, आत देऊ देत नव्हते. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हवालदाराला एकच सांगत होती, "सायेब, पोरगं दारूला शिवत न्हाई वो." तिच्या लेखी हीच सगळ्यात मोठी साक्ष. दारू काय करते ते तिने बावीस वर्षं घरात बघितलं होतं, त्यामुळे पोरगा दारू पीत नाही म्हटल्यावर आणखी काय सिद्ध करायचं राहतं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

दहाच्या सुमाराला आण्णा आले. पिऊन. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी आहे, अजूनही आहे, तिथून सरळ पोलीस स्टेशनला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. आणि त्यांना बघून हवालदार उठला, खुर्ची पुढे केली, म्हणाला, "बसा आण्णा, होतंय, पोरं आहेत."

बापाला खुर्ची मिळाली आणि पोरगा आत फरशीवर. मला ती खुर्ची अजून दिसते. लोखंडी, हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची.

आता टेरेसवाल्यांसाठी थोडं कायद्याचं. मी वकील नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे, पण भावापायी जे वाचावं लागलं ते वाचलंय. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. दुकानदाराला लागतो तो वेगळा, हा पिणाऱ्याचा. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. विलायतीसाठी एका दिवसाचा परवाना ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. तुमच्यापैकी कुणाच्या पाकिटात तो कागद आहे? म्हणजे शुक्रवारी टेरेसवर तुम्हीही गुन्हेच करताय, फक्त उठाबशा काढायला लावणारं कुणी वर येत नाही.

आणि गांजा? १९८५ साली अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. त्याआधी शतकानुशतकं हे झाड इथेच होतं. इंग्रजांनी १८९३ मध्ये यावर आयोग नेमला, आयोगाने सात खंडांचा अहवाल दिला आणि त्यात सांगितलं की साफ बंदी घालू नका, कर लावा, परवाने द्या, लक्ष ठेवा. आपल्या नगर जिल्ह्यात तेव्हा परवानगीने गांजाची शेती होत होती. १८९४ च्या गोऱ्या साहेबाला जेवढा पोच होता तेवढा आमच्या ग्रुपला २०२० नंतरही नाही.

कायद्यात आणखी एक गंमत आहे. शेंडा नसेल तर नुसतं पान आणि बी गांजात धरत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीची भांग या कायद्याच्या बाहेर. (आपल्या राज्यात भांगेलाही वेगळा परवाना लागतो. विचारतंय कोण!) २०१५ च्या सिंहस्थात मी सासूबाईंना घेऊन नाशिकला गेले होते. साधुग्राममध्ये चिलमी पेटलेल्या, ओली साफी गुंडाळून झुरके चाललेले, धुराचा लोट, आणि बंदोबस्ताचे पोलीस दहा पावलांवर. सासूबाई हात जोडत होत्या. मीही जोडले. आणि जोडता जोडता पंचनामा आठवला, काड्या, बोंडे व बिया मिश्रित.

बुवांना पकडा असं म्हणत नाहीये, कृपा करून कमेंटमध्ये तो विषय काढू नका.

तर धाकट्याला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला आणि मग तारखा सुरू झाल्या. सीए रिपोर्ट, म्हणजे मालाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, आला नाही, तारीख. साहेब रजेवर, तारीख. अडीच वर्षं. प्रत्येक तारखेला वकिलाचे पैसे, एसटीचं भाडं, कॉलेज बुडालं ते वेगळं. शेवटी वकील म्हणाले, "कशाला ताणतोस? कबूल कर. कोर्ट उठेपर्यंत बसायचं, दंड भरायचा, मोकळा." तीन हजार दंड झाला. तो मी माझ्या पगारातून भरला. संध्याकाळी कोर्टाबाहेर आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला. सुटला एकदाचा, असं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी तो एका सरकारी भरतीत उतरला. कुठलं खातं ते लिहीत नाही. पहाटे चारला उठून डोंगराच्या वाटेवर धावायचा, लेखीला रात्र रात्र बसला. यादीत नाव लागलं, आईने पेढे वाटले. मग साक्षांकन नमुना आला. ज्यांनी भरलाय त्यांना माहितीय, त्यात विचारलेलं असतं, आपणास कधी अटक झाली आहे काय, न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय. आम्ही दोघं ओट्यावर तो कागद घेऊन बसलो होतो. मी म्हटलं, नाही लिही, कोण बघतंय. तो म्हणाला, "ताई, बघतात." त्याने 'होय' लिहिलं. खाली दिलेल्या जागेत बारीक अक्षरात तपशील लिहिला. २२ ग्रॅमचा तपशील.

नोकरी गेली हे सांगायला नकोच.

संताप याचा येतो की याच कायद्यात एक कलम आहे, ६४ अ. व्यसनी माणसाकडे थोडा माल सापडला आणि तो स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अडीच वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं? वकिलाने नाही, पोलिसांनी नाही, कुणीच नाही. मला ते २०२१ मध्ये कळलं, तेही टीव्हीवर मुंबईच्या क्रूझवरच्या अमली पदार्थांचं प्रकरण चालू होतं म्हणून. त्यात तर बड्या नटाच्या मुलाकडे काही सापडलं नसताना तो तीन आठवड्यांहून जास्त तुरुंगात राहिला, आणि पुढच्या मे महिन्यात आरोपपत्रात त्याचं नावच नव्हतं. देशातले नामांकित वकील उभे असून ही गत. आमच्याकडे कोण होतं? नोटरीच्या टेबलाशेजारी बसणारे एक काका.

बरं, माझ्या भावाला साधू करून दाखवत नाही. त्या काळात तो वाया चालला होता. डोळे लाल, कॉलेजला दांड्या, दुपारी तीनला उठायचं आणि भाकरीवर तुटून पडायचं. एकदा आईची बीपीची गोळी आणायला गेला तो रात्री आला, गोळी न घेताच. मी तेव्हा त्याला कानाखाली मारली होती. आणि माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाला गांजाने भास व्हायला लागले, तो आजही औषधावर आहे. हे असतं, मान्य. पोरवयात तर फार वाईट.

पण त्याला बरं कशाने केलं असतं? लॉकअपच्या फरशीने? पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) लाटेत पोरं मरत होती तेव्हा उभं राहिलं. तिथे पोरांना माणूस म्हणून बसवतात, बोलतात. आमच्या तालुक्यात असं काहीच नव्हतं. पोलीस स्टेशन होतं आणि देशीचं दुकान होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझं म्हणणं गांजाची दुकानं काढा. नाही. इथे माझं 'कायदेशीर करा'वाल्या मित्रांशीही वाजतं, त्यांनीही आज ऐकून घ्यावं. टोरंटोची माझी वर्गमैत्रीण सांगते, तिच्या घराखाली केमिस्टसारखं चकचकीत गांजाचं दुकान आहे, कॅनडात २०१८ पासून खुलं झालं, त्यांच्या प्रांतात वयाची अट १९, आणि ३० ग्रॅमपर्यंत खिशात घेऊन फिरता येतं. १९ आणि ३०! हे ऐकून मी फोनवर काहीच बोलले नाही. धाकटा तिकडे असता तर चहावाल्या पंचाची गरजच पडली नसती.

पण तरीही दुकान नको. थायलंडने २०२२ मध्ये उघडलं, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि तीन वर्षांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही म्हणून मागे यावं लागलं. आणि मला थायलंड कशाला हवं? सरकारमान्य पाटीखाली काय होतं ते मी घरात बघितलंय. पाटी लागली की महसूल आला, महसूल आला की दुकान बंद करणं कुणाच्याच हातात राहत नाही. आमच्या गावातल्या बायकांनी बाटली आडवी करायला, म्हणजे मतदान घेऊन दुकान बंद पाडायला, किती खेटे घातले ते मला माहितीय. आण्णा २०१२ ला गेले. लिव्हर. शेवटी पोटात पाणी व्हायचं, दर आठवड्याला काढायला न्यायचो. त्यांच्या नावावर आयुष्यात एकही गुन्हा नाही. चारित्र्य पडताळणीत एकदम स्वच्छ.

मला एवढंच हवंय, आणि हे काही मी जगावेगळं मागत नाहीये, की खिशातल्या पुडीपायी पोराच्या कागदावर डाग पडू नये. पकडा, दम द्या, आईबापांना बोलवा, डॉक्टरकडे पाठवा, दंडही घ्या. पण गुन्ह्याच्या रकान्यात नको. २०२१ मध्ये खुद्द केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने असंच सुचवल्याच्या बातम्या होत्या, पुढे काही ऐकलं नाही. उलट धाकट्याच्या वेळी थोड्या गांजासाठी जास्तीत जास्त सहा महिने होते, ते २०१४ मध्ये वर्ष केलंय. विकणाऱ्याला धरा ना. २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, निघालं. ते काय टेकडीवरच्या पोरांच्या खिशात मावत होतं?

पिकवणाऱ्याचं वेगळंच दुखणं आहे. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती, बाकी कशालाच भाव नाही म्हणून. सगळे हसले. मी नाही हसले. पण तो विषय आज नको, माझं डोकं आधीच तापलंय.

दुपारी परत तो व्हिडिओ बघितला. बघायला नको होता. फाटक्या टी-शर्टवाला पोरगा मोजता मोजता एकदा कॅमेऱ्याकडे बघतो आणि चटकन मान खाली घालतो. माझा मुलगा पुढच्या महिन्यात एकोणीसचा होईल, तोही मित्रांबरोबर टेकडीवर जातो. काय करतो तिथे? मला माहीत नाही. विचारलं तर "आई, फक्त गप्पा" म्हणतो. खरं सांगू, मागच्या महिन्यात त्याच्या पिशवीचा वास घेऊन बघितला मी. शेंगदाण्याच्या टरफलांचा वास होता.

टेरेसवाल्या काकांचा मुलगाही माझ्या मुलाच्या त्याच मित्रांमधला आहे. काका, तुमच्या मुलाचं कधी असं होऊ नये, मनापासून म्हणतेय. सकाळी हे म्हणू शकले नसते.

पोस्ट करायच्या आधी धाकट्याला फोन केला. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे आता, ग्रिल, गेट, शेड. मागे ग्राइंडरचा आवाज. विचारलं, तुझं लिहिलं तर चालेल का? बराच वेळ काही बोलला नाही, मशीन बंद केलं, मग म्हणाला, "लिही की. माझं काय आता. फक्त आण्णांचं काही लिहू नको, ताई."

तोवर लिहून झालं होतं. काढलं नाहीये.