परवडणारी, पण तशी न वाटणारी

जर्मनीत बरीच वर्षे काढलेल्या माणसाला बिअरमधले सगळे कळते, असा इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा समज असतो. तो दूर करण्याची घाई मी कधी केली नाही, आणि त्यामुळे आमच्या लाइपझिगच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीसाठी बिअर निवडण्याचे काम एकमताने माझ्याकडे आले. काम सोपवताना खजिनदारबाईंनी अट घातली, की बिअर परवडणारी असावी, परंतु ती परवडणारी आहे असे पिणाऱ्याला वाटता कामा नये. शिवाय ती पिल्सनरच, म्हणजे फिकट सोनेरी, किंचित कडवट बिअरच असावी, कारण गव्हाची बिअर पोटाला जड होते आणि इकडची काळी बिअर पाहून मागच्या सहलीत एका काकांनी, हा कसला काढा, असे सर्वांदेखत विचारले होते.

सुपरमार्केटात गेल्यावर या अटीतली मेख लक्षात आली. बिटबुर्गर, क्रोम्बाखर, वारश्टाइनर, फेल्टिन्स आणि राडेबर्गर या पाचही नामांकित पिल्सनरांच्या लेबलांवर मद्यार्काचे प्रमाण ४.८ टक्के असे एकसारखे छापलेले असते. घटकांची यादी वाचावी, तर पाणी, जवाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले). फार तर एखादीत हॉप्सचा अर्क. बव्हेरियात १५१६ साली बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स यांखेरीज काही घालू नये असे फर्मान निघाले होते, त्याचा अभिमान जर्मन ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, आजही बाटलीवर मिरवतात. थोडक्यात, उमेदवार अनेक आणि जाहीरनामा एकच. फरक उरतो तो प्रचाराचा. क्रोम्बाखरच्या जाहिरातीत गर्द झाडीने वेढलेले एक रम्य तळे दिसते, जे प्रत्यक्षात धरणाचा जलाशय आहे, आणि ओएटिंगर ही कंपनी जाहिरातीवर खर्च न करता स्वस्तात विकण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा तळ्याचे पैसे द्यायचे की नाही, एवढाच खरा प्रश्न होता आणि तो मी दुकानातच सोडवून मोकळा झालो असतो; परंतु जिन्यात शेजारचे आजोबा भेटले.

हे आजोबा निवृत्त इंजिनिअर आहेत. चव घेऊन मत द्यायचे, ही कल्पनाच त्यांना बेजबाबदारपणाची वाटली. त्यांनी रीतसर चाचणी आखली: बाटल्यांना कागद गुंडाळायचे, बिअर सात ते आठ अंशांवर ठेवायची, पेल्यांना साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही (त्याने फेस बसतो), आणि दोन घोटांच्या मध्ये फक्त साधा पाव खायचा. आमचे सांगलीचे मित्र परीक्षक म्हणून येताना लसणीच्या चिवड्याचा डबा घेऊन आले होते. तिखटाने जीभ बधिर होते या कारणास्तव तो डबा दारातच जप्त झाला. त्यांनी बाटल्या फ्रीझरमध्ये घालण्याचा प्रस्ताव मांडला, तोही फेटाळला गेला. अतिथंड बिअरमध्ये जिभेला गुण कळत नाहीत आणि दोषही कळत नाहीत. आपल्याकडे बिअर मागवताना ‘एकदम चिल्ड’ असे बजावून सांगतात, त्यामागे लोकांचे फार मोठे अनुभवजन्य शहाणपण आहे, असे माझे मत आहे. नुसता पाव चावत बसलेल्या माझ्या पत्नीने मात्र, यापेक्षा एकादशी बरी, असा शेरा चाचणी सुरू होण्यापूर्वीच नोंदवला.

पहिली बाटली उघडण्याआधी आजोबांनी उभे राहून इतिहास सांगितला. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्लझेन गावी १८३८ साली वैतागलेल्या नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची पिंपेच्या पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. मग त्यांनी स्वतःची ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणवला. त्याने तिथले मऊ पाणी, फिकट माल्ट, झातेत्स परिसरातले सुगंधी हॉप्स आणि थंडीत सावकाश काम करून तळाशी बसणारे यीस्ट यांचा मेळ घालून ५ ऑक्टोबर १८४२ रोजी जी सोनेरी बिअर शिजवायला घेतली, तिच्याच नकला आज जगभर विकल्या जातात. नगरपालिकेवर काढलेल्या मोर्चातून काही चांगले निष्पन्न झाल्याचे आपण आयुष्यात प्रथमच ऐकत आहोत, असे सांगलीकर म्हणाले. त्याचे जर्मन भाषांतर करण्याचे मी टाळले.

चाचणीचे स्वरूप असे होते, की प्रत्येकापुढे तीन पेले यावेत, त्यांतले दोन एकाच बिअरचे आणि एक निराळ्या, आणि तो निराळा पेला ओळखावा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात जर्मनीतल्या दोन मध्यम किमतीच्या पिल्सनर समोर आल्या, की माणसाच्या चेहऱ्यावर आधी आत्मविश्वास येतो, मग संशय येतो आणि शेवटी तो शेजाऱ्याच्या कागदात डोकावू लागतो. देवाला कौल लावला तरी तीनांत एकदा उत्तर बरोबर येणारच. आमचा निकाल त्याहून फारसा सरस नव्हता. आजोबांनी रंग, फेस, वास, चव आणि अखेरचा कडवटपणा असे रकाने आखून दिले होते, पण त्यांत ‘चांगली’, ‘हीही चांगली’ आणि ‘मघाचीच आहे का?’ याखेरीज काही उमटेना. यात परीक्षकांचा दोष नाही. या ब्रुअऱ्यांनी कित्येक पिढ्या खर्चून बिअरमधून फळांचा वास, आंबटपणा, गढूळपणा असे सगळे उपद्रव काढून टाकले आहेत. जे कष्टाने नाहीसे केले, तेच आम्ही पाव खात शोधत होतो.

पत्नीने मात्र एका पेल्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, असे ठामपणे लिहिले. हे वाचून आजोबा हर्षभरित झाले, कारण जुन्या, हवा लागलेल्या बिअरला खरोखरच तसा वास येतो आणि तो ओळखणारे नाक दुर्मीळ असते. त्यांनी बाटलीवरची तारीख तपासली, ती उत्तम होती. मग पेला उचलला, तेव्हा त्याच्याखाली भिजून लगदा झालेली पुठ्ठ्याची चकती निघाली.

निकाल पूर्णपणे निष्फळ ठरला, असे मात्र नाही. एका हिरव्या बाटलीतली बिअर उघडताच सर्वांनी एकाच वेळी नाक मुरडले. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला, की गंधकयुक्त दुर्गंधी तयार होते, तपकिरी काच तो प्रकाश बरीचशी अडवते आणि हिरवी काच केवळ शोभेची असते, हे त्या संध्याकाळी आम्हाला पुस्तकाविना समजले. उत्तरेकडची येव्हर मात्र डोळे मिटूनही ओळखू आली. तिचा कडवटपणा कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या घरातल्या माणसांनाच रुचावा असा आहे, म्हणून ती सांगलीकरांना आवडली. अडचण एवढीच, की तिच्या मागून जे जे आले, ते ते पाणी वाटू लागले, आणि ज्या बिअरचा क्रमांक येव्हरच्या आधी लागला होता तिला विनाकारण चांगले गुण मिळाले. निवडणुकीत मतपत्रिकेवरच्या क्रमाला इतके महत्त्व का देतात, ते मला तेव्हा उमजले.

दुसरी ओळखू आलेली म्हणजे मूळची प्लझेनचीच पिल्सनर उर्क्वेल. मद्यार्क केवळ ४.४ टक्के असूनही तोंडात ती भरीव लागते, रंग किंचित गडद असतो, आणि मागे लोण्याचा पुसटसा वास रेंगाळतो. जर्मन ब्रुअर हा वास दोष म्हणून काढून टाकतात. चेक लोक थोडासा राहू देतात, आणि मी चेक लोकांच्या बाजूचा आहे. माझे प्रामाणिक मत विचाराल, तर थोडे अधिक पैसे द्यायचेच असतील तर ते इथे द्यावेत, नाहीतर फळीवरची सर्वांत स्वस्त बाटली उचलावी. मधल्या किमतीच्या बाटल्यांत आपण मुख्यतः तळे विकत घेतो.

आजोबांचे मत वेगळे होते. पूर्व जर्मनीच्या काळात राडेबर्गर मोठ्या प्रमाणावर निर्यातीला जात असे आणि इथल्या दुकानात ती ओळखीखेरीज मिळत नसे, त्यामुळे तिच्याविषयी त्यांना जो आदर आहे तो चवीच्या पलीकडचा आहे. झोपेतही आपण ती ओळखू, असे म्हणून त्यांनी जो पेला उचलला, तो लाइपझिगच्याच रॉयडनिट्झ भागात बनणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या लाडक्या, स्वस्त श्टेर्नबुर्गचा निघाला. आजोबा जराही डगमगले नाहीत. दोन्हींचा मालक एकच आहे, तेव्हा आपण तत्त्वतः बरोबर आहोत, असे ते म्हणाले. ते खरेही आहे: राडेबर्गर, श्टेर्नबुर्ग आणि येव्हर या तिन्ही बिअर ओएटकर उद्योगसमूहाच्या आहेत, आणि त्याच समूहाच्या डॉ. ओएटकर या नावाचे मेयोनीज भारतात घरोघरी सँडविचला लावले जाते. सांगलीकरांनी हे ऐकून बाटलीवरची घटकांची यादी पुन्हा एकदा वाचली.

माझा चार पानी अहवाल खजिनदारबाईंनी लक्षपूर्वक चाळला आणि त्या आठवड्यात कोणत्या क्रेटवर सवलत आहे, एवढेच विचारले. मग त्यांनी अनामत रकमेचा हिशेब मांडला: बाटलीमागे ८ सेंट, रिकाम्या क्रेटचे दीड युरो, म्हणजे २० बाटल्यांच्या प्रत्येक क्रेटमागे ३.१० युरो परत आले पाहिजेत, आणि एकही बाटली सहलीच्या जागी राहता कामा नये. बिअर कोणती, यावर चर्चा झाली नाही.

सहलीच्या दिवशी ऊन असे तापले, की मंडळींनी पहिल्या घोटालाच लिंबाच्या सोड्याच्या बाटल्या मागवल्या आणि पेल्यात निम्मी बिअर, निम्मा सोडा असे मिश्रण सुरू केले. कडवटपणा, माल्ट, फेस, सर्व काही लिंबाच्या गोडीत विरघळून गेले. मी घाबरून आजोबांकडे पाहिले, कारण त्यांना मी खास आमंत्रण देऊन आणले होते. त्यांनी आपला पेला शांतपणे पुढे केला आणि मला सांगितले, ‘मलाही अर्धीच घाला. मी सायकलवर आलो आहे, आणि खरे सांगायचे तर उन्हात मी नेहमी हेच पितो.’