वजन पडलं पाहिजे!

बाबा महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी फिरतीवर असतात आणि उरलेले पंधरा दिवस त्यांचा उजवा खांदा दुखतो. यावेळी परत आले ते खांद्यावर हात ठेवूनच. "मला एक हलका लॅपटॉप बघून दे. तुला त्यातलं कळतं." मला त्यातलं कळतं, हा समज मी एकदा प्रिंटरची निघालेली वायर परत खोचली तेव्हापासूनचा आहे.

मी उत्साहाच्या भरात पार इतिहासात शिरले. १९८१ साली आलेला ऑस्बोर्न १ हा 'सोबत नेता येणारा' संगणक सुमारे ११ किलोंचा होता आणि त्यात बॅटरीसुद्धा नव्हती. "मग माझा बराच बरा की!" म्हणत बाबांनी विषय जवळजवळ मिटवलाच. आईने मलमाची ट्यूब टेबलावर आपटली, म्हणून शोध पुढे चालू राहिला.

जुना लॅपटॉप १५.६ इंची, अडीच किलोंना जरा कमी. शिवाय चार्जर. त्याला चार्जर म्हणायचं ते वायर होती म्हणून, नाहीतर वीटच ती. हलके लॅपटॉप मात्र पायलीचे पन्नास निघाले. सगळ्यांच्या जाहिरातीत 'वजन १.२ किलोपासून'. हे 'पासून' म्हणजे सगळ्यात कमी सामान भरलेल्या मॉडेलचं वजन, आणि तेही चार्जर वगळून. भाजीवाल्याने असं केलं तर आपण त्याला काटा मारणं म्हणतो.

मी १४ इंचांवर आले, तर बाबा आकड्यांच्या पट्टीवर अडून बसले. कीबोर्डच्या उजवीकडे शून्य ते नऊ वेगळे हवेत. एवढ्याशा लॅपटॉपमध्ये सहसा त्याला जागाच नसते, हे मी समजावलं.

"अगं, एक्सेल भरताना हात आपोआप तिकडे जातो."

"जाऊ दे. तिकडे आता टेबल असेल."

दोन दिवस अबोला.

मग बॅटरी. कंपनी म्हणते १८ तास. ते बहुधा उजेड कमी करून एकच व्हिडिओ चालवत ठेवला तर. बाबा मात्र पूर्ण उजेडात, पंचवीस टॅब उघडून, वर कॉलवर मोठ्याने बोलतात. "मग मोठी बॅटरीच घे ना!" पण १०० वॅट-अवरच्या (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) वरची बॅटरी विमानात न्यायची तर एअरलाइनची परवानगी लागते, हे सांगताच ते गप्प झाले. मागे त्यांनी पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकली होती, तेव्हा विमानतळावर त्यांचं नाव दोनदा पुकारलं गेलं होतं. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवायची, हा धडा त्यांनी चारचौघांत घेतलेला.

रॅमवर, म्हणजे लॅपटॉपच्या चालू कामाच्या मेमरीवर, वाद झाला नाही. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा आतच सोल्डर केलेली असते, मागाहून वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी आधीच घेतली. एचडीएमआयचं पोर्ट, म्हणजे प्रोजेक्टरची वायर थेट खोचायची जागा, मात्र मी हट्टाने मागितलं. कन्व्हर्टर घरी विसरून प्रोजेक्टरसमोर उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे. तो माझ्याच घरात राहतो. आणि माझ्या मते खरी कमाई टाइप-सी चार्जिंगची: ६५ वॅटचा मुठीएवढा चार्जर, त्यावरच फोनही. लॅपटॉपइतकीच वीट कमी झाली पाहिजे, हे मला पटलं होतं.

लॅपटॉप आला. बाबांनी तो एका हाताने उचलला, उलटापालटा केला आणि चेहरा पाडला.

"इतका किरकोळ? समोरच्या पार्टीवर वजन पडलं पाहिजे गं."

"बाबा, वजन तुमचं पडू दे, लॅपटॉपचं कशाला?"

पहिल्या दौऱ्यावरून आले. खांदा कसा आहे, विचारलं. "खांद्याचं सोड. पूर्ण प्रवासात जीव टांगणीला! बॅग लागतच नाही खांद्याला. दर दहा मिनिटांनी चेन उघडून बघायचो, आहे ना आत? शेजारचा माणूस स्वतःची बॅग पोटाशी धरून बसला."

"मग?"

"मग काही नाही. येताना केली सोय."

मी बॅग उघडली. लॅपटॉपशेजारी दोन जाडजूड फायली होत्या. कोऱ्या.