पायथनला सीचे ठिगळ लावू इच्छिणाऱ्यांसाठी

आपला पायथनमधील प्रोग्राम हळू चालतो अशी तक्रार एखाद्या कारखानदाराने केली, तर वेळ नेमका कोठे जातो हे मोजत बसू नये. मोजण्याने विद्वत्ता सिद्ध होत नाही. सी भाषेत मॉड्यूल, म्हणजे पायथनला जोडायचा वेगळा भाग, लिहिल्याने होते. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, एका चादर कारखान्याच्या डिझाइन विभागात, अशाच विद्वत्तेसमोर मी मागचा संपूर्ण आठवडा बसलो होतो. चित्रावरून जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्रासाठी, नक्षीची फाइल तयार करणे एवढेच त्या प्रोग्रामचे काम.

कारखान्याला केवळ संकलित, म्हणजे यंत्राला कळेल पण माणसाला वाचता येणार नाही अशी, फाइल द्यावी आणि मूळ सी फाइल लॅपटॉपसोबत पुण्याला घेऊन जावी. ती फाइल पायथन ३.८ साठीच बांधलेली असावी, म्हणजे नव्या संगणकावर ३.१२ आले की ती ओळखच दाखवणार नाही. संकलित फाइल पायथनच्या अनेक आवृत्त्यांवर चालावी म्हणून ठरवलेला कायमचा सांधा, म्हणजे स्थिर एबीआय, ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून उपलब्ध आहे, हे कानावर पडले तरी विसरून जावे. बांधणी डिस्टयुटिल्स या पायथनच्या जुन्या बांधणी-साधनावर सोपवावी, ते ३.१२ मधून काढले जाणार, ही सूचना ३.१० पासून मिळत होती, पण सूचना वाचण्यासाठी थोड्याच असतात?

पायथनच्या वस्तूंना हात न लावणारे लांबलचक गणित चालू असतानाही जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप, सोडू नये.

आता रेफरन्स काउंट, म्हणजे एखाद्या वस्तूकडे किती संदर्भ आहेत याची मोजणी. ती शून्यावर आली की वस्तू नष्ट होते. यादीतील वस्तू काढून देणाऱ्या पायलिस्ट_गेटआयटमने दिलेला संदर्भ उसना असतो, म्हणून त्यावर आवर्जून पाय_डेकरेफ करावे, म्हणजेच मोजणी एकाने घटवावी, म्हणजे शेजाऱ्याची उसनी आणलेली कढई परस्पर भंगारात विकल्याचे पुण्य लाभते. प्रोग्राम तेथे पडत नाही, पुढे कोठेतरी भलत्याच निष्पाप ओळीवर पडतो, आणि ती ओळ लिहिणारा शिव्या खातो. उलट, नवा टपल (काही मूल्यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा) तयार करून पायलिस्ट_अपेंडने यादीत घातल्यावर आपला संदर्भ मुळीच सोडू नये. यादी स्वतःचा संदर्भ वेगळा घेते, त्यामुळे आपला तसाच लटकत राहतो आणि यादी नष्ट झाली तरी टपल मरत नाही. नक्षीच्या प्रत्येक बिंदूसाठी एक टपल! जुन्या संगणकाची मेमरी दुपारपर्यंत भरते, म्हणून जेवणाला उठताना तो बंद करून पुन्हा चालू करायचा, असा तेथे रिवाजच पडला आहे. डिझाइन विभागातला मुलगा समजतो की संगणक उन्हाने तापतो. आपला संदर्भ सोडणे हे एका ओळीचे काम होते. हस्तपुस्तिकेत प्रत्येक फंक्शनपुढे लिहिलेले असते की संदर्भ उसना आहे, नवा आहे की फंक्शन तो स्वतःकडे घेते. ते वाचायला काय पैसे पडत होते?

फंक्शनकडून नल, म्हणजे काम फसल्याची खूण, परत आला का, हे तपासू नये.

आता उपरोध पुरे. हे मॉड्यूल लिहून गेलेल्या तुम्हालाच सांगतो. मी अखेर मोजले. चित्राची फाइल प्रत्येक ओळीसाठी नव्याने उघडली जात होती, आणि ते काम पायथनच्या भागात होते. तुमच्या सीने तेथे काहीही वेळ वाचत नव्हता. उघडण्याची ओळ लूपच्या बाहेर काढली आणि तक्रारच संपली. म्हणजे हे मॉड्यूल मुळात नकोच होते. पण नक्षीचे काठ जुळवण्याचा हिशेब तुम्ही त्यातच पुरून ठेवला आहे, आणि चार फोन केल्यावर जो सोर्स, म्हणजे मूळ सी फाइल, पाठवलात तो या फाइलचा नाही, त्याहून जुना आहे; त्याने काढलेल्या नक्षीचा काठ एका बाजूने तुटतो. कारखानदाराने तुम्हाला पूर्ण पैसे दिले आहेत. खरा सोर्स आजच पाठवा, आणि फोन उचला.