सहाच्या ठोक्याला

कोस्टा रिकाला स्वातंत्र्य टपालाने मिळालं. 15 सप्टेंबर 1821 रोजी तिकडे ग्वातेमाला शहरात, म्हणजे तेव्हा मध्य अमेरिकेचा स्पॅनिश कारभार जिथून चालायचा तिथे, बड्या मंडळींनी बसून स्पेनपासून वेगळं व्हायचं ठरवलं आणि ती बातमी डोंगरवाटांचा चिखल तुडवत इथे कार्तागोला, तेव्हाच्या आमच्या राजधानीला, पोचली ऑक्टोबरच्या मध्यावर. म्हणजे जवळपास महिनाभर इथली माणसं स्वतंत्र होती आणि तरीही राजाला इमानेइतबारे मुजरा करत होती. त्यात शेजारच्या निकाराग्वातून, लेऑन शहराहून, आणखी एक ठराव येऊन थडकला. ग्वातेमालापासून आपण मोकळे, स्पेनपासूनही मोकळे, पण ‘सध्याचे ढग निवळेपर्यंत’! इतिहासात हा ढगांचा ठराव म्हणूनच ओळखला जातो. इथल्या एरेदिया शहरात काही पावसाळे काढलेला माणूस म्हणून सांगतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात इथले ढग निवळत नाहीत. ठराव लिहिणारा गृहस्थ भलताच मुरलेला असणार.

घाई न करण्याची ही परंपरा देशाने पुढे निष्ठेने जपली आहे. नळ दुरुस्त करणारा ‘आत्ता येतो’ म्हणाला की मी निवांत अंघोळ, जेवण आणि वामकुक्षी उरकतो. वाढदिवसाचं आमंत्रण चारचं असेल आणि आपण चारला गेलो, तर यजमानीणबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून दार उघडतात. पण वर्षातून एकदा, 14 सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, अख्खा देश मिनिटाचाही उशीर न करता उभा राहतो. रेडिओवर, टीव्हीवर, चौकाचौकांत राष्ट्रगीत सुरू होतं आणि पाठोपाठ पोरंबाळं हातात घरी बनवलेले कंदील घेऊन रस्त्यावर उतरतात. या कंदिलाला इथे फारोल म्हणतात. 1821 च्या त्या रात्री मारिया दोलोरेस बेदोया नावाची बाई कंदील घेऊन ग्वातेमालाच्या गल्ल्यांतून लोकांना गोळा करत फिरली, अशी कथा सांगतात. बाई थोरच. फक्त तिचा कंदील तिला टाकाऊ वस्तूंपासून बनवावा लागला नव्हता आणि त्याला शाळेत गुण मिळणार नव्हते.

आमच्या चिरंजीवांना दोन्ही अटी होत्या. शाळेची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी, केळ्याच्या सालीखाली सापडली.

“त्यात काय एवढं? जन्मभर आकाशकंदील केलेत आम्ही,” बायको म्हणाली. हे ‘आम्ही’ म्हणजे तिचा मोठा भाऊ, हे मला लग्नानंतर कळलेलं आहे.

मी चांदणीच्या आकाराचा साधा कंदील सुचवला. चिरंजीवांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “बाबा, सगळे कारेता करणारेत.” कारेता म्हणजे इथली बैलगाडी. एके काळी डोंगरातली कॉफी बंदराकडे वाहून न्यायची, आता सार्ची गावचे कारागीर तिच्या चाकांवर असली नक्षी रंगवतात की युनेस्कोनेही तिला मान दिला. ती नक्षी मी दुधाच्या खोक्यावर, जलरंगांत, रात्री अकरा वाजता काढायची होती. माझी चाकं सुरुवातीला गोल होती. डिंक लावल्यावर त्यांनी मत बदललं. बैल बायकोने केले. ते बैल आहेत हे पटावं म्हणून शिंगं वाढवत नेली आणि शेवटी बैलांपेक्षा शिंगंच जड होऊन दोघं नाकावर पडले. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. त्यांच्या यजमानांनी नातवासाठी जुन्या मातीच्या घरासारखं कार्डबोर्डचं घर उभं केलं होतं, कौलांसकट, आणि आत दिवा. “छान आहे हो तुमचा,” त्या म्हणाल्या. “बोट आहे ना?”

14 तारखेला दुपारी तीनला ढग भरून आले. पाचला कोसळले. इकडे टीव्हीवर मशाल दाखवत होते. 1964 पासून ही स्वातंत्र्याची मशाल ग्वातेमालाहून निघते आणि एका विद्यार्थ्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात, पळत पळत, चार सीमा ओलांडून कार्तागोला येते. 1821 च्या टपालाच्या मानाने बरीच लवकर पोचते. ती मुलं पावसातही धावत होती, त्यामुळे ‘आज राहू दे का?’ हे वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

सहाला आम्ही चौकात. वर छत्री, खाली बैलगाडी. राष्ट्रगीताचं दुसरं कडवं येईतो डावं चाक गळालं. मग दोन्ही बैल. गीत चालू असताना वाकणं बरं दिसेना, म्हणून मी छाती पुढे काढून उभा आणि बैल गटारातून पुढे. आजूबाजूला पन्नासेक फारोल मात्र लखलखत होते. त्यांच्यावर आयांनी आधीच प्लॅस्टिक चढवलेलं. ही अक्कल चिठ्ठीत नसते, आईच्या दुधातून येते. नंतर आजींनी आम्हा तिघांना आग्वादुल्से पाजलं, गुळाचं कढत पाणी. बोट बुडालीच का, असंही मायेने विचारलं.

दुसऱ्या दिवशी संचलन. या देशाला सैन्य नाही. तेव्हाचे सत्ताप्रमुख होसे फिगेरेस यांनी 1 डिसेंबर 1948 ला ते बरखास्त केलं, त्या समारंभात बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर स्वतः घण घातला, आणि आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेव्हा रणगाडे वगैरे काही नाही. त्याऐवजी शाळाशाळांची ढोलपथकं येतात. शांतताप्रेमी देश म्हणून जगात नाव आहे, पण शाळेशेजारी घर असेल तर जुलैपासून ते कानांना पटत नाही.

मुली घेरदार झालरीच्या घागऱ्यांत, मुलं पांढरा सदरा, गळ्यात लाल रुमाल आणि टोपी घालून. जुन्या काळच्या शेतकऱ्यासारखं दिसायचं तर मिशी हवीच. बायकोने मुंबईहून आणलेलं काजळ काढलं आणि चिरंजीवांना ऐटदार, टोकाला वळवलेली मिशी काढून दिली. पावसात टिकावी म्हणून काजळ वॉटरप्रूफ होतं. दिवसभर धो धो कोसळला, मिशीचा केसही हलला नाही. रात्री साबण लावला, खोबरेल लावलं, मग माझ्या दाढीचं सामान झालं. चिरंजीव निवांत.

सोळाला शाळा भरली. मिशीसकट गेला, आणि मधल्या सुट्टीत वर्गातल्या पोरांनी त्याला फुटबॉल संघाचा कप्तान केलं.