पहिली गाडी डाव्या पायाने निवडावी

गाडी शिकणाऱ्या माणसाला पहिली गाडी घ्यायची आहे ही बातमी कशी फुटते कोण जाणे, पण दोन दिवसांत त्याच्याभोवती सल्लागार मंडळ जमतं. एक म्हणतो, "घ्यायची तर मोठीच घे." दुसरा म्हणतो, "डिझेल घे, इंजिन मरत नाही." तिसऱ्याला सनरूफ हवं असतं, तेही दुसऱ्याच्या गाडीला. चौथ्याने स्वतःची गाडी विकायला काढलेली असते आणि त्याचा सल्ला सर्वांत कळकळीचा असतो. या सगळ्या गलक्यात, ज्याच्या जिवावर ही गाडी हलणार आहे त्या अवयवाला कोणीच विचारत नाही. तो अवयव म्हणजे शिकाऊ चालकाचा डावा पाय.

शिकाऊच्या डोक्याला गिअर कळलेले असतात, हातांना स्टिअरिंग जमत आलेलं असतं, उजव्या पायाला निदान ब्रेक सापडतो. डावा पाय मात्र अजून बिगरीत असतो. क्लच, म्हणजे इंजिन आणि चाकं यांचं नातं जोडणारं-तोडणारं डावं पेडल, सोडताना गाडी जिथे पहिल्यांदा थरथरते, तो टप्पा पेडलच्या सगळ्या प्रवासात जेमतेम बोटभर रुंद. त्यावरून पाय सटकन वर आला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते. घाबरून तिथेच धरून ठेवला की क्लचप्लेट घासून जळका वास सुटतो आणि शिकाऊ माणूस तो समोरच्या ट्रकचा आहे असं समजून काच वर करतो.

म्हणून माझी पहिली परीक्षा अगदी साधी आहे. सपाट, मोकळी जागा बघायची. इंजिन सुरू, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही आणि क्लच अगदी सावकाश सोडायचा. चांगल्या स्वभावाची गाडी आपणहून चालू लागते. वाईट स्वभावाची दोनदा कापते आणि मान टाकते. तिची जाहिरात कितीही देखणी असो, ती शिकाऊच्या कामाची नाही. बारक्या इंजिनावर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवलेल्या काही गाड्या इथेच दगा देतात. टर्बो जागा व्हायला एक्झॉस्टचा झोत लागतो, तो कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, पुरेसा नसतो, आणि शिकाऊचा सगळा संसार तर कमी आरपीएमलाच चाललेला असतो. साधं, टर्बो नसलेलं, एक ते दीड लिटरचं पेट्रोल इंजिन या बाबतीत फार समजूतदार.

"इंजिन मरत नाही" म्हणणाऱ्या डिझेलवाल्यांचं अर्धं खरं आहे. डिझेलला खालच्या आरपीएमला जोर असतो, गाडी बंद कमी पडते. पण आजच्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साचलेली काजळी नीट जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि त्यासाठी गाडी बराच वेळ सलग, बऱ्या वेगाने पळायला हवी. शिकाऊ माणूस गाडी काढतो, दोन गल्ल्या फिरवतो, घामाघूम होतो आणि परत आणून लावतो. काजळी जळायच्या आत त्याची हौस जळून जाते. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि इंजिन न मारता माणूस कसा मरतो ते कळतं.

ऑटोमॅटिक घेऊन डाव्या पायाला पेन्शनीत काढण्याचा मार्ग आहेच. मला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त दोन गोष्टी आधी पाहाव्यात. बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवाना तेवढ्यापुरताच मिळतो. आणि एएमटी नावाची ऑटोमॅटिक म्हणजे आत नेहमीचाच क्लच, फक्त तो दाबणारा पाय यंत्राचा. चढावर ब्रेक न धरता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून उभी केली, तर तो क्लचही तितक्याच निष्ठेने जळतो.

आता आकार. साडेतीन ते चार मीटर लांबीची हॅचबॅक शिकाऊसाठी उत्तम, कारण तिचा मागचा टोकाचा भाग मागच्या काचेपाशीच संपतो. माहितीपत्रकात वळणाचा आकडा बघावा: त्रिज्या पाच मीटरच्या आत असली तर गल्लीत अब्रू वाचते. पण काही कंपन्या त्रिज्या छापतात, काही व्यास, तेव्हा "दहा" वाचून पळून जाऊ नये. १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी गाडीत इंजिन आडवं बसवलं आणि जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसवून दाखवली. तेव्हापासून लहान गाडी आतून ऐसपैस आणि बोनेटखाली दाटीवाटीची झाली. हेडलाइटचा बल्ब बदलायला पाच वर्षांच्या मुलाचा हात आणि पन्नास वर्षांच्या माणसाचा संयम लागतो, त्याचं मूळ इथे आहे. घेण्याआधी बोनेट उघडून बॅटरी, बल्ब, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी यांच्यापर्यंत हात पोचतो का ते पाहा.

मग आत बसा, आणि लगेच म्युझिक सिस्टिम लावू नका. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आरामात टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण त्या गोल झाकणाखाली एअरबॅग असते आणि ती फुटते तेव्हा "जरा सरकता का" असं विचारत नाही. सीट कितीही पुढेमागे करून हे जुळत नसेल, तर ती गाडी दुसऱ्या कुणासाठी बेतलेली आहे. काचेच्या दोन्ही बाजूंचे खांबही बघा. काही गाड्यांत ते इतके जाड असतात की वळणावर अख्खी मोटरसायकल त्यांच्यामागे लपते.

नवी की जुनी? माझं मत जुनीकडे झुकतं. पाच-सात वर्षांची, रस्त्यावर डझनावारी दिसणारी, कंटाळवाणी गाडी घ्यावी. तिचे सुटे भाग मिळतात, तिचे रोग मेकॅनिकला पाठ असतात. पण जुन्याची हौस इतकीही नको की जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, एअरबॅगा आणि गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारं स्थिरता नियंत्रण, हेच गायब. ज्याला चुका करायच्याच आहेत त्याने सावरणारं कुणीतरी सोबत ठेवावं.

जुनी गाडी बघायला जाताना विक्रेत्याला बजावून ठेवावं की इंजिन सुरू करू नका. गेल्यागेल्या पहिलं काम म्हणजे बोनेटवर तळहात ठेवणं. गरम लागलं आणि "तुमच्यासाठीच जरा फिरवून आणली" असं प्रेमळ उत्तर आलं, तर ते प्रेम इंजिनाच्या सकाळच्या खोकल्यावर पांघरूण घालण्यासाठी असू शकतं. थंड इंजिनाचं तोंड खरं बोलतं. सेल्फ मारल्यावर सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीची थोडी पांढरी वाफ चालेल, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जळतंय. निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जातंय. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा थर जाडजूड बसलेला दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याचा संशय घ्यावा. फक्त लहान फेऱ्या मारलेल्या गाडीतही थोडी साय जमते, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, हीही पुसून बघावी.

चावी फिरवून इंजिन सुरू करण्याआधी डॅशबोर्डवर दिव्यांची रोषणाई झाली पाहिजे. चेक इंजिनचा दिवा लागून, इंजिन सुरू झाल्यावर विझणं हे निरोगी लक्षण. तो मुळात लागलाच नाही तर आनंद मानू नका. कुणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

क्लचची खरी झडती अशी. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिनाने तिथल्या तिथे गचकन बंद पडायला हवं. बंद पडण्याबद्दल गाडीचं कौतुक करण्याची आयुष्यातली ही एकमेव वेळ. इंजिन निवांत फिरत राहिलं तर क्लच घसरतोय. हा प्रयोग एकदाच करावा, दहा वेळा केल्यास चांगला क्लचही नापास होतो. क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे क्लचचे तिन्ही भाग एकदमच बदलतात. मरायला टेकलेला क्लच आणि शिकाऊ डावा पाय, म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. "२३१९" म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत घासली की टायर संपला, आणि खाचेतल्या आडव्या पट्ट्या तेच सांगतात. चारही टायर करकरीत नवे आणि मीटरवर फारच थोडे किलोमीटर असतील तर पेडलच्या रबराकडे बघावं. मीटर वीस हजार म्हणत असेल आणि ब्रेकच्या रबरावरच्या रेघा पुसून गुळगुळीत झाल्या असतील, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय. रबराला खोटं बोलता येत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. पुरातून आलेली गाडी बाहेरून कितीही धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ राहते.

चालवून बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जा. कट-कट-कट आवाज आला तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, गेला आहे. विक्रेता नेमका त्याच वेळी गाणी मोठ्याने लावत असेल, तर गाण्यांची निवड कितीही चांगली असली तरी ती बंद करायला सांगावीत. शेवटी मेकॅनिककडून गाडी उचलून खालून तपासून घ्यावी. त्याची फी वाचवणाऱ्याला तो नंतर व्याजासकट भेटतो.

घेतल्यावर लगेच इंजिन ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतात आणि बहुतेक मालक विसरतात. इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवून ठेवणारा पट्टा, असेल आणि तो कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चालावं. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात आणि इंजिन कामातून जातं.

राहिला रंग. सल्लागार मंडळ यावर सगळ्यात जास्त बोलतं, म्हणून मी सगळ्यात शेवटी. साधा रंग घ्या. मोतिया किंवा मेटॅलिक रंगाचा डाग जुळवणं फार कटकटीचं. गाडीवरच्या एका पट्टीवर, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बोनेटखाली, रंगाचा कोड असतो. तो सांगून टचअप रंगाची छोटी बाटली त्याच दिवशी आणावी. ती पुढच्या कप्प्यात ठेवावी. डिकीत नको. पहिला ठोका बहुतेक तिथेच बसतो आणि मग डिकी उघडत नाही.